गीझर बाहेर लावायचा, पण ‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे?

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा आहे त्यांच्यासाठी. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय थोडा प्लंबरी आहे. गॅस गीझर. तोच, जो नळ सोडला की ‘फट्’ करून पेटतो, टाकी नसते, आणि गरम पाणी लगेच येतं. तो कुठला घ्यायचा आणि घराच्या बाहेरच्या बाजूला कसा बसवायचा, याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, यासाठी पॉडकास्ट कशाला, प्लंबरला फोन करायचा ना. मीपण तेच म्हणायचे. चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरपर्यंत.

तेव्हा माझी आतेबहीण पुण्यात कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहत होती. टू बीएचके, पाठीमागे ड्राय बाल्कनी, बाथरूममध्ये भिंतीवर गॅस गीझर. सिलेंडर बाल्कनीत आणि नळी भिंतीतून आत. पुण्यात अशी शेकडो घरं मीच पाहिली असतील. एका सकाळी ती अंघोळीला गेली आणि बाहेर येईना. पाण्याचा आवाज चालू. मैत्रिणींनी दार वाजवलं, हाका मारल्या. शेवटी शेजारच्या दादाने खांदा मारून कडी तोडली. ती खाली पडलेली होती, श्वास चालू, पण शुद्ध नाही.

उचलून हॉलमध्ये आणली तशी दहा मिनिटांनी डोळे उघडले, उलटी झाली, डोकं प्रचंड दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. बोटाला ते ऑक्सिमीटर लावलं, कोविडपासून आपल्या सगळ्यांच्या घरात आहे ते. त्यात ९८. मैत्रिणी म्हणाल्या, हात-पाय वाकडे झाले होते. झालं! फिट आली असावी, असं ठरलं. सांगलीला आत्याला फोन गेला आणि आत्याचं पहिलं वाक्य होतं, “लग्न कसं व्हायचं आता हिचं?” (हसू नका, ती खरंच घाबरलेली होती.) फिटची गोळी सुरू होणार, तेवढ्यात ड्यूटी बदलून आलेल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, “अंघोळ करताना पडली का? गीझर लाइटचा की गॅसचा?”

हा एक प्रश्न. रक्त तपासलं तेव्हा कळलं, कार्बन मोनॉक्साइड.

आता हे जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. गॅस जळायला हवा लागते. हवा भरपूर असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवेतला ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडर लीक झाला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचं रसायन घातलेलं असतं. पण जळून जे बाहेर पडतं त्याला तो वास नसतो. त्यामुळे “गॅसचा वास तर येत नव्हता” हे वाक्य इथे काहीच कामाचं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, साधं ऑक्सिमीटर त्या चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं. म्हणून ९८. आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्ट मंडळींनी अशा बऱ्याच केसेस नोंदवल्यात, जिथे बाथरूममध्ये आलेला झटका हा फिटचा आजार नव्हताच, गीझर होता.

बहीण वाचली. ऑक्सिजनवर ठेवलं, दोन दिवसांनी घरी. शुद्ध ऑक्सिजन दिला तर रक्तातलं प्रमाण साधारण तास-दीड तासात निम्मं होतं, नुसत्या हवेत चार-पाच तास लागतात.

आम्ही घरमालक काकांकडे गेलो. काका भले माणूस, पण त्यांचं म्हणणं एकच, “अहो, सात वर्षं गीझर तिथेच आहे. आधीची पोरं राहून गेली, कुणाला काही झालं नाही.” आणि ते खोटं बोलत नव्हते! मग असं का झालं, हे शोधायला मी वही घेऊन बसले. (इंजिनिअरिंगचा एवढाच उपयोग.)

बाथरूम होतं चार बाय पाच फूट, उंची आठ. म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर हवा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर, पाणी २५ अंशांनी तापवायचं धरलं, तर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला दोनशे लिटरच्या वर हवा लागते. दर मिनिटाला! आधीची पोरं बादली भरायची, गीझर बंद करायची, मग अंघोळ. बादलीला लागतात सव्वातीन-साडेतीन मिनिटं. आणि वरचा झरोका उघडा. या तिघींनी शॉवर बसवला. अंघोळ संपेपर्यंत गीझर चालू. समजा सात-सात मिनिटं, तिघी एकापाठोपाठ एक, म्हणजे २१ मिनिटं. गुणाकार करा. अख्ख्या बाथरूममध्ये जेवढी हवा आहे तेवढी संपते. दाराखालून थोडी येत असेल, पण त्याच डिसेंबरात थंडी आणि डास म्हणून त्यांनी झरोक्याला थर्माकोल लावला होता. माझी बहीण तिसऱ्या नंबरला गेली होती.

म्हणजे गीझर तोच, भिंत तीच. बदललं होतं ते हवेचं गणित.

काकांना हे दाखवल्यावर ते गप्प झाले. म्हणाले, “काढून टाकू, पण मग काय लावायचं?” आता इथे खरी निवड आली.

पहिला पर्याय, विजेचा इन्स्टंट. छोटा, ३ किलोवॉटचा. धूर नाही, वायू नाही, बाथरूममध्ये बिनधास्त चालतो, अर्थात अर्थिंग नीट असेल तर. पण तो तेच २५ अंश तापवून मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देतो. बादली भरायला ११-१२ मिनिटं. शॉवर विसरा. साडेचार किलोवॉटचा घेतला तर बरं, पण तो जवळपास २० अँपिअर ओढतो, साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा नाही, त्याला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंग कसं आहे हे देवालाच ठाऊक.

दुसरा, टाकीवाला, १५ लिटरचा. पाणी ६० अंशांवर तापवलं आणि गार पाणी मिसळलं की साधारण ३० लिटर अंघोळीचं पाणी होतं. मग पुन्हा वीस-एक मिनिटं थांबा. आठ वाजता तिघींना निघायचं असेल तर भांडणं ठरलेली.

तिसरा, गॅसचाच, पण बाहेर. खर्चाचं म्हणाल तर एक बादली २५ अंश तापवायला साधारण ५४ ग्रॅम गॅस किंवा अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. तुमच्या सिलेंडरची किंमत भागिले १४,२०० ग्रॅम, आणि तुमच्या बिलावरचा युनिटचा दर, दोन्ही घेऊन स्वतः काढा. समजा सिलेंडर ९०० आणि युनिट ९ रुपये, तर गॅसची बादली सव्वातीन-साडेतीन रुपयांना, विजेची सव्वापाचला. माझं स्पष्ट मत सांगू? एकटे राहत असाल, बादलीने अंघोळ करत असाल, तर विजेचा घ्या आणि हा भाग इथेच थांबवा. दोन-तीन रुपये जास्त जातील, जाऊ देत. माणसं जास्त असतील, सकाळची घाई असेल, लाइट जात असेल, आणि घराला खरंखुरं ‘बाहेर’ असेल, तरच गॅस.

‘खरंखुरं बाहेर’ हे मला ज्यांनी शिकवलं ते आमचे प्लंबर काका.

मी मोठ्या उत्साहाने त्यांना ड्राय बाल्कनी दाखवली. इथे लावा. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि पान्हा पिशवीत ठेवला. म्हणाले, “ताई, ही गॅलरी नाही. काच लावली की गॅलरीची खोली होते.” खरंच की! पावसाचं पाणी येतं म्हणून काकांनी बाल्कनीला वरपासून खालपर्यंत स्लायडिंग खिडक्या बसवल्या होत्या. हिवाळ्यात त्या बंद. आणि बाथरूमचा झरोका नेमका त्याच बाल्कनीत उघडत होता. म्हणजे गीझर ‘बाहेर’ लावला असता, काचा लावल्या असत्या, आणि तोच वायू झरोक्यातून परत आत! मग मी शाफ्ट दाखवली, बिल्डिंगमध्ये पाइपांची ती अंधारी चिमणी असते ना, ती. तिला काकांनी बघितलंही नाही. “तिथे सगळ्या मजल्यांचे झरोके आहेत. तुमचा धूर वरच्या वहिनींच्या बाथरूममध्ये सोडायचा का?”

तर मंडळी, बाहेर म्हणजे भिंतीच्या पलीकडे नव्हे. बाहेर म्हणजे जिथे वारा आपणहून खेळतो आणि कुणाला तो बंद करता येत नाही, अशी जागा.

शेवटी काकांनी, म्हणजे मालक काकांनी, बाल्कनीच्या एका बाजूच्या काचा कायमच्या काढायला लावल्या, तिथे नुसतं ग्रिल ठेवलं. गीझर त्या बाजूच्या भिंतीवर. झरोक्याच्या खाली नाही, शेजारीही नाही, चांगला चार फूट लांब. गरम वायू वर चढतो, त्यामुळे कुठल्याही खिडकीच्या बरोबर खाली गीझर नको.

आता एक गैरसमज. इंटरनेटवर तुम्हाला जपानचे व्हिडिओ दिसतील. तिकडे इमारतींच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, पावसात हे गीझर टांगलेले असतात. ते वेगळं मशीन आहे, आत पंखा, बंद पेटी, पाऊस-वाऱ्यासाठीच बनवलेलं. आपल्याकडे बाजारात जो साधा गीझर मिळतो तो पावसाचा नाही. वारा झोडपला तर ज्योत विझते, पाणी गेलं तर बर्नर गंजतो. म्हणून त्याला डोक्यावर स्लॅब किंवा पत्रा हवा आणि समोरून थेट पाऊस नको. आमच्याकडे प्लंबर काकांनी पश्चिमेच्या बाजूला, जिथून पाऊस येतो, सिमेंटच्या शीटचा एक आडोसा केला. तीन बाजू नव्हे, एकच. तिन्ही बाजूंनी झाकलं की परत खोली! पंखा आणि धुराचा पाइप असलेली मॉडेल्सही मिळतात, महाग असतात, त्यांना लाइट लागते. बजेट असेल तर चांगलंच आहे.

विकत घेताना काय बघायचं? आयएसआयचा शिक्का, त्यावर आयएस १५५५८ हा नंबर. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होण्याची सोय. ठरावीक वेळाने, बहुतेकांत वीस मिनिटांनी, स्वतः बंद होण्याची सोय. आणि तुमच्याकडे पाइपगॅस आहे की सिलेंडर, हे दुकानदाराला आधी सांगा. दोन्हींचं प्रेशर आणि जेट वेगळे असतात. सिलेंडरचा गीझर पाइपगॅसला ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान बघा. पाइपगॅसची जोडणीही गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट. हा गीझर पाण्याच्या दाबाने पेटतो. पाणी आत वाहिलं की एक पडदा सरकतो, स्विच दाबला जातो, बॅटरीवर ठिणगी पडते. टाकी तुमच्या डोक्यावर लगेचच असेल तर दाबच नसतो, कारण एक बारचा दाब मिळायला दहा मीटर उंची लागते. मग गीझर पेटत नाही आणि लोक गीझर खराब म्हणून परत करतात. कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा किंवा छोटा पंप लावा.

बसवताना आमच्याकडे ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ गेला ती म्हणजे सिलेंडरची जागा. बाल्कनीत वॉशिंग मशीन, तिचं सॉकेट, आणि खाली पाणी जायची जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर जमिनीलगत पसरतो आणि जाळीतून ड्रेनेजमध्ये उतरतो. म्हणून सिलेंडर जाळीपासून आणि सॉकेटपासून लांबच्या कोपऱ्यात, उभा, सावलीत. नळी ती केशरी, आत तार असलेली सुरक्षा होज, दीड मीटरच्या आत. दर पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावर छापलेली असते. लांब न्यायचं असेल तर तांब्याचा पाइप, पण नळीला नळी जोडून नाही. जुनी नळी भिंतीतून गेलेली होती, तिला आतून चिरा पडल्या होत्या. ती बघून मालक काकाच म्हणाले, “हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, साधा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो. गीझर बाथरूमपासून चार-पाच मीटर लांब गेला, तर सुरुवातीला अर्धा-पाऊण लिटर गार पाणी येतं. बादलीत धरा, झाडांना घाला. आणि तक्रार येते ती अशी की “मध्येच गार पाणी येतं!” आमच्याकडेही आली, पहिल्याच दिवशी. कारण काय, तर मिक्सरने गार पाणी जास्त सोडलं की गीझरमधून जाणारं पाणी कमी होतं, ठरावीक धारेच्या खाली गेलं की तो विझतो. उपाय, गीझरवरचीच आच कमी करा आणि गार पाणी मिसळू नका. मोसम बदलला की बाहेर जाऊन एकदा बटण फिरवायचं, बस.

ज्योत निळी हवी. पिवळी-केशरी दिसली, काजळी धरली, तर सर्व्हिसिंग, आणि तोवर वापर बंद. बोअरचं पाणी असेल तर आतल्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतात, पाणी कमी तापतं, म्हणून वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यायचं. बॅटऱ्या आम्ही दिवाळीला बदलतो, लक्षात राहतं.

आता जे म्हणतील, ताई, आमचे मालक ऐकत नाहीत, गीझर आतच आहे, त्यांच्यासाठी. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग आत जा. शॉवर नाही. झरोका झाकायचा नाही, कितीही थंडी असो. आत असताना डोकं जड वाटलं, मळमळलं, पायातलं बळ गेलं, तर टॉवेल शोधत बसू नका, बाहेर या. दुसरं कुणी आत पडलं असेल तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गीझर गॅसचा आहे. ऑक्सिमीटरवरचा आकडा बघून घरी थांबू नका. आणि आमच्या आत्यासारखं कुणी ‘फिट’ म्हणून मोकळं होऊ नये, एवढं बघा.

काम संपलं त्या दिवशी प्लंबर काकांनी एक उदबत्ती मागितली. मला वाटलं, नवीन वस्तू, पूजा करणार. त्यांनी गीझर चालू केला, उदबत्ती पेटवून त्याच्या वरच्या जाळीजवळ धरली आणि धूर कुठे जातो ते पाहत उभे राहिले. धूर ग्रिलमधून बाहेर जाऊन वर गेला. मग काका बाथरूममध्ये गेले, झरोक्याशी उदबत्ती धरली. तिथेही धूर बाहेरच ओढला जात होता. आणखी पाच मिनिटं थांबले. मग बहिणीला हाक मारली, “जा बाळ, कर अंघोळ.”

ती आत गेली, पण कडी लावली नाही. वर्षभर लावत नव्हती.

तुमच्या घरी गीझर कुठे आहे, झरोका कुठे उघडतो, फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. भेटू.